शुभाच्या कामाचे नाव

या सदरातून मी वर्षभर शब्दांच्या गमती सांगत असतो, आणि वाचकही प्रेमाने पत्रे पाठवून अमक्या वस्तूला मराठीत काय म्हणावे, तमका शब्द कुठून आला, असे विचारीत असतात. शब्दांवरच माझे पोट आहे. वीस-बावीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत आलो. तेव्हा मला एक शब्द सापडला नाही, अशी कबुली दिवाळी अंकात देणे म्हणजे वाण्याने ऐन सणात दुकानात साखर नाही म्हणून सांगण्यासारखे आहे. पण गेल्या दिवाळीत तसे घडले खरे.

शुभा ही माझी पुतणी. आमचे दादा रत्नागिरीस असतात. शुभा शिकायला म्हणून पुण्यास आमच्याकडे आली आणि नोकरी लागल्यावर आमचीच होऊन राहिली. प्राणिशास्त्र घेऊन ती बी. एस्सी. झाली, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या निगेचे शिक्षण तिने घेतले, आणि एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली. नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा होता, 'अ‍ॅनिमल हेल्थ टेक्निशियन'. आमच्या सोसायटीत या हुद्द्याचे मराठी भाषांतर एका दिवसात झाले. 'ती उंदीर सांभाळते!' ते भाषांतर आमच्या सौ.च्या कानावर आले तेव्हा ती दोन दिवस जिन्यात कोणाशी बोलली नाही. घरात एक उंदीर दिसला की खाटेवर चढून बसणारी बाई ती. आणि जिला तिने पोटच्या मुलीसारखे वाढवले तिने शेकडो उंदरांची उस्तवार करून पगार घ्यावा, हा तिला दैवाचा खेळ वाटत होता.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी दादांचा फोन आला. शुभाला एक चांगले स्थळ सांगून आले होते. माणसे माळकरी, घरात मांसमच्छर नाही, मुलगा इंजिनिअर. शुभाची माहिती लिहून पाठवायची होती. "तू मराठीचा प्राध्यापक, तूच लिही," दादा म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "आणि हे बघ, ते उंदरांचं काही लिहू नकोस."

मी लिहिले. 'नामांकित संशोधन संस्थेत संशोधन अधिकारी.' वाक्याला वजन होते, अनुप्रासही साधला होता. मला माझे कौतुकच वाटले.

सौ. खाली गाय-वासराला ओवाळून ताम्हन घेऊन वर येत होती, आणि शुभा कामावर निघाली होती. तिने जाता जाता टेबलावरचा कागद उचलून वाचला.

"काका, ही कोण मुलगी?"

"का ग?"

"अधिकारी आहे ना ही! मी नाही हो अधिकारी." ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपे गेले असते. "तुम्ही इतक्या लोकांना शब्द सांगता. माझ्या कामाला एक शब्द शोधा ना. खोटा नको, आणि लाजही वाटायला नको, असा."

मी 'पशु-आरोग्य तंत्रज्ञ' म्हणून पाहिले. ती हसली. "यात यंत्र दिसतं, काका. मी दिसत नाही. एकदा येऊन बघा. लक्ष्मीपूजनाला माझी पाळी आहे."

"लक्ष्मीपूजनाला? त्या दिवशी कोण प्रयोग करतो?"

"प्रयोग नसतो. उंदीर असतात," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी फराळाचा डबा घेऊन मी तिच्या संस्थेत गेलो. आत जाऊन पिंजऱ्यांमधून हिंडायचे अशी माझी कल्पना होती. तसे काही घडले नाही. त्या दाराच्या आत जाणाऱ्याला अंघोळ करून, तिथलेच धुतलेले कपडे, टोपी, तोंडावर पट्टी, हातमोजे, असा सगळा सरंजाम करावा लागतो. आणि माझ्यासारख्या पाहुण्याला तेवढ्यानेही परवानगी नाही. उंदरांपासून माणसाला रोग होऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त असेल असे मला वाटले. शुभा म्हणाली, "तेही आहेच. पण जास्त करून तुमच्यापासून त्यांना होऊ नयेत म्हणून!" तेव्हा मी बाहेरच्या बोळात उभा राहून जाड काचेतून पाहिले.

एका खोलीत मांडण्यांवर पारदर्शक पेट्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक पेटीला पाण्याची बाटली, पुढे एक चिठ्ठी, तळाशी मक्याच्या कणसाचा वाळलेला चुरा आणि कागदाच्या पट्ट्या. बारा तास उजेड, बारा तास अंधार. दिवे आपोआप लागतात, आपोआप मालवतात. शुभा एकेक पेटी अर्धवट बाहेर ओढी, पाही, वहीत खूण करी आणि परत सारी. घाई नाही, थांबणे नाही. देवळातला पुजारी फुले काढतो त्या हिशेबी सवयीने तिचा हात चालला होता. तासाभराने ती बाहेर आली आणि आम्ही ऑफिसच्या खोलीत डबा उघडला.

"काय पाहत होतीस एवढं?" मी विचारले.

चकली मोडता मोडता ती सांगू लागली, आणि वर्गात कधीच न मिळालेला तास मला मिळाला.

उंदीर हा दुसऱ्याची शिकार होणारा जीव. दुखले तरी दाखवायचे नाही, हे त्याच्या रक्तात आहे. समोर माणूस उभा असला की तो ठणठणीत असल्याचा आव आणतो. म्हणून त्याच्या बारीकसारीक गोष्टी पाहायच्या. त्याने कागदाच्या पट्ट्या कुरतडून घरटे केले आहे का? धडधाकट उंदीर घरटे केल्याशिवाय राहत नाही. घरटे विस्कटलेले दिसले की समजावे, काहीतरी बिघडले. केस पिंजारलेले आहेत का? पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसला आहे का? त्याचे सारे वजन वीस-तीस ग्रॅम. त्यातले दोन-तीन ग्रॅम उतरले तरी ती मोठी गोष्ट. आणि चेहरा! उंदराला चेहरा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. डोळे किलकिले होणे, नाक आणि गाल फुगणे, कान मागे जाणे, मिशा ताठरणे, या पाच खुणांवरून त्याची वेदना मोजण्याची रीत २०१० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी घालून दिली. पुढे २०१४ साली त्यांनीच दाखवून दिले की, पुरुषाच्या नुसत्या वासाने, त्याने घातलेल्या सदऱ्याच्या वासानेसुद्धा, उंदीर बिचकतात. बाईच्या वासाने तसे बिचकत नाहीत.

"म्हणून तुम्हाला बाहेर ठेवलं," शुभा मिस्कीलपणे म्हणाली.

उंदीर उचलायचा तर शेपटीला धरून, असे मी सिनेमात पाहिले होते. २०१० सालीच इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठातल्या दोघी संशोधिकांनी सिद्ध केले की शेपटीने उचललेला उंदीर माणसाच्या हाताची धास्ती घेतो. तोच ओंजळीत किंवा छोट्या नळीतून उचलला तर आपणहून हाताजवळ येतो. किती साधी गोष्ट! एवढी वर्षे लाखो हातांनी उंदीर उचलले असतील, आणि ओंजळ करून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. मोठ्या जातीच्या उंदरांना पोटाशी गुदगुल्या केल्या तर ते हसल्यासारखा आवाज काढतात, पण तो इतका बारीक असतो की आपल्या कानाला पोचत नाही. गिनीपिग मात्र मोठ्याने शिट्टी घालतात. चारा आणणाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी सगळी खोली शिट्ट्यांनी भरून जाते. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही 'क' जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. आहारात ते कमी पडले, की हिरड्या-सांध्यांतून रक्त येऊन तो आजारी पडतो. "आपलाच भाऊबंद आहे तो, एवढ्यापुरता," शुभा म्हणाली.

बाहेर मागच्या वस्तीत फटाक्यांची माळ लागली. शुभाचा हात थांबला. तिने घड्याळ पाहिले.

"आतमध्ये जन्मखोलीत दोन माद्या कालच व्यायल्यात. वीस दिवसांनी पिल्लं होतात. जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमची, गुलाबी, आंधळी. आई घाबरली तर कधीकधी पिल्लं खाऊन टाकते. म्हणून दिवाळीत मी इथं असते."

ते खरेच असणार. पण एवढेच कारण नसावे, असे तिच्या बोलण्यावरून मला वाटले. शिक्षकाला विद्यार्थ्याचे अर्धे उत्तर ओळखू येते. मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच बोलली.

नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या फेरीत तिला एक उंदीर कुबड काढून बसलेला दिसला. घरटे मोडलेले, डोळे बारीक. प्रयोगातला प्राणी होता. तिने वरच्यांना सांगितले. ते म्हणाले, सोमवारी पाहू. हिने वहीत नोंद केली आणि घरी आली. कारण त्या रात्री आमच्याकडे सौ.च्या भाचीच्या लग्नाची मेंदी होती. मला ती संध्याकाळ आठवते. शुभाने दोन्ही हात रंगवून घेतले होते आणि ती फारशी बोलत नव्हती. शनिवारी-रविवारी कामावर आलेल्या माणसाने दाणा पाहिला, पाणी पाहिले. उंदीर पाहिला नाही. सोमवारी तो मेलेला मिळाला.

"मरायचाच होता तो, काका. ते मला माहीत होतं. पण शुक्रवारी त्याला सुखानं मरण देता आलं असतं. मधले दोन दिवस त्याचे कसे गेले, ते लिहायला वहीत रकाना नव्हता."

त्यानंतर ती वरच्यांशी भांडली. आयुष्यात कोणाशी उंच आवाजात न बोललेली ही मुलगी! भांडून तिने दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे, प्राण्याचे हाल सुरू झाले की प्रयोग अर्धा टाकावा लागला तरी चालेल, पण त्याच दिवशी निर्णय व्हावा. आणि दुसरी म्हणजे सुट्टीच्या दिवशी तिची पाळी. पहिली गोष्ट नियमात आधीपासूनच होती. आपल्याकडे १९६० सालापासून प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा आहे. नृत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी विधेयक मांडून पाठपुरावा केला होता. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते. त्याच्याही आधी, १९५९ साली, रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगून ठेवली आहेत. प्राण्यावाचून भागत असेल तर प्राणी वापरू नका. वापरलेत तर कमीत कमी वापरा. आणि वापराल त्यांच्या यातना कमी करा. २०२३ साली आपल्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापरण्यास मान्यता मिळाली. शुभा हे सारे मानते, आणि आपली नोकरी एक दिवस नाहीशी व्हावी, असेही म्हणते. "पण तोवर, काका, नियम कागदावर असतो. रात्री पेटी बघायला तो उठून येत नाही."

मला विचारायचा होता तो प्रश्न मी चिवड्याचा घास संपवून विचारला. "आणि शेवटी? प्रयोग संपला की?"

"बहुतेकांना मारावं लागतं," ती म्हणाली. तिने शब्द बदलला नाही. "त्यांना दुखणार नाही अशा रीतीनं. पुष्कळदा मीच करते. घाईत असलेल्या माणसाच्या हाती ते जाऊ नये, म्हणून."

परतताना बसमध्ये माझ्या मनात मुंबईचा जुना प्लेग आला. १८९६ साली तो आला, तेव्हा हाफकिन साहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली, सशांवर तिची परीक्षा पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचे नाव आहे. नाव लागले ते योग्यच झाले. पण त्या सशांना रोज सकाळी चारापाणी घालणारा कोणीतरी असेलच की! कोणता ससा आज गप्प आहे, हे साहेबांच्या आधी त्याला समजले असेल. त्याच्यासाठी भाषेने एक शब्दसुद्धा राखून ठेवला नाही, आणि मी भाषेचा प्राध्यापक!

पाडव्याला दादा आणि वहिनी रत्नागिरीहून आली. जेवणे झाल्यावर दादांनी कागदाची चौकशी केली. मी तो फाडला होता. दादांचा चेहरा उतरला. "अरे, समोरची माणसं कशी आहेत ते तुला सांगितलं होतं ना?" शुभा आत पाने वाढत होती, सगळे तिला ऐकू जात होते.

मी म्हटले, "दादा, पाय पुढे करा जरा."

त्यांच्या उजव्या घोट्यावर एक काळपट वण आहे. दादा बारा वर्षांचे, मी सहा वर्षांचा असेन. परसातला पडका गडगा रचताना जांभ्या दगडाखालचे फुरसे त्यांना चावले. पाय मांडीपर्यंत सुजला, रात्री हिरड्यांतून रक्त येऊ लागले. वडिलांनी त्यांना डोलीत घालून, पुढे कोणाच्या तरी जीपगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांकडे औषध होते म्हणून दादा उठले. आई त्या डॉक्टरांना मरेपर्यंत देव मानीत होती.

"ते औषध कसलं होतं, ठाऊक आहे?"

"विषावरचं."

"ते घोड्याच्या रक्तातलं होतं," दारात उभी राहून शुभा म्हणाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांचे विष घोड्याला अगदी थोडे थोडे टोचत जातात, हे तिने बापाला समजावून सांगितले. घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो. मग रक्त काढून घेतात, त्यातला पातळ भाग ठेवतात, आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला अशक्तपणा येऊ नये. सर्पविषावर माणसाला देण्यासारखे दुसरे खात्रीचे औषध अजून घरोघरच्या दवाखान्यांत आलेले नाही.

दादा बराच वेळ त्या वणाकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे तो त्यांच्या पायावर होता, पण घोडा त्यांना आज भेटला.

"त्या घोड्यांना कोण बघतं?" त्यांनी विचारले.

"असेल माझ्यासारखंच कुणीतरी."

दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि आपल्या तिरप्या, बँकेतल्या अक्षरात स्वतःच लिहिले. 'मुलगी संशोधन संस्थेत प्रयोगाच्या प्राण्यांची राखण करते. त्यांचे दुखणेखुपणे पाहते.' राखण! कोकणात शेताची राखण करतात, बागेची करतात, आणि गावाची राखण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. मला तो सुचला नाही, आणि जन्मभर आकडे लिहिलेल्या माणसाला सुचला. शुभाने कागद वाचला. "मारावंही लागतं, ते नाही लिहिलंत, बाबा." दादा म्हणाले, "ते विचारतील तेव्हा तू सांग."

त्यांनी विचारले. मुलाच्या आईचा फोन आला. शुभाने तो स्वतः घेतला आणि मला सांगितले तेच, तितक्याच शब्दांत सांगितले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही पाठवलीच नव्हती. सौ. रडली. दादांना कळवले, तेव्हा फोनवर क्षणभर शांतता होती, मग ते म्हणाले, "बरं झालं. तिला दिवाळीत सुट्टी घ्यायला लावली असती त्यांनी." त्या माणसांनाही मी दोष देत नाही. ती निदान विचारती तरी झाली. आपण औषधाची बाटली उघडताना कोण विचारतो?

पण मला आठवते ती भाऊबीजेची पहाट. शुभा नेहमीप्रमाणे साडेपाचला निघाली, तर दादा तिच्या आधी उठून, भाजीबाजार गाठून आले होते. हातात कोथिंबिरीच्या दोन ताज्या जुड्या. "ते तुझे शिट्टी घालणारे असतात ना," ते संकोचून म्हणाले, "त्यांना घाल."

शुभाने जुड्या हातात घेतल्या, नाकाशी नेल्या आणि हळूच परत दिल्या. "बाहेरचं काही चालत नाही हो, बाबा."

दादांनी त्या जुड्या मुकाट्याने सौ.पाशी दिल्या आणि खिडकीत येऊन उभे राहिले. रस्त्यावर अजून दिवे होते. शुभा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे दोन्ही वेळा कोथिंबिरीच्या वड्या झाल्या.

यंदाच्या पाळ्यांचा कागद परवाच लागला. लक्ष्मीपूजनाला शुभाचे नाव आहे. दादांनी विचारून ठेवले आहे की, काचेच्या बाहेर दोन माणसांना उभे राहू देतात ना?